बलूनवाल्या मावशीच्या चिठ्ठ्या

आमच्या वाचनालयात शिरायचं तर आधी नानांना हात दाखवावे लागत. भविष्य बघायला नव्हे, वास घ्यायला. दारात माठ, माठावर पितळी तांब्या, खुंटीला पंचा. बाई आली की नाना टेबलामागून उठायचे, चांगले दोन हात लांब उभे राहायचे आणि फक्त नाक पुढे करायचे. "कांदा," एवढंच म्हणायचे. ती बाई निमूटपणे परत जाऊन हात धुऊन यायची. "पानाला कांदा लागला की पुढच्या बाईला उगाच रडू येतं," असं त्यांचं म्हणणं. "आणि रडायला तिला घर आहे की."

नाना ग्रंथपाल होते आणि मी त्यांची मदतनीस. वाडीतल्या एका अरुंद गल्लीत पुढे ओटा आणि मागे एक लांबट खोली, एवढंच आमचं वाचनालय. दुपारी एक ते तीन ही बायकांची वेळ. एकट्या पुरुषाच्या स्वाधीन बायका कशा करायच्या म्हणून कमिटीने मला नेमलं. माझी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झालेली होती आणि यजमान बांधकाम खात्यात नकाशे काढायचे, तेव्हा माझ्याबद्दल कुणाला काही शंका नव्हती. गुजराती मुलुखात मराठी महाराजांचं राज्य होतं. मुलीला शाळेत घातलं नाही तर बापाला दंड व्हायचा. त्या दंडाच्या धाकाने बाराखडी शिकलेल्या मुली आता कुणाच्या सुना, कुणाच्या सासवा झाल्या होत्या. वाचता तर येतं, पण वाचायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. व्रतांच्या कहाण्या त्यांना पाठ होत्या आणि बोधपर पुस्तकांत सगळा बोध त्यांनाच केलेला असायचा.

त्यांना वाचायला नानांनी दिलं. काय दिलं ते सांगायच्या आधी नानांचे नियम सांगायला हवेत, कारण नाना म्हणजे मुख्यतः नियमच होते.

पहिला नियम, बातम्या चपलांपाशी. वर्तमानपत्रं बाहेर ओट्यावर, आतल्या खोलीत त्यांना मज्जाव. ओट्यावर पुरुषमंडळी काँग्रेस, व्हाइसरॉय आणि महाराज विलायतेहून कधी परतणार यावर तावातावाने बोलायची. त्यातला कुणी चुकून हातात वर्तमानपत्र घेऊन आत आला, तर चिखलाच्या पायांनी देवघरात शिरल्यासारखे नाना त्याच्याकडे बघायचे. दुसरा नियम, एक ते तीन कुणी कुणाची सून नाही आणि कुणी कुणाची सासू नाही. हा नियम ऐकून एक म्हातारी रागावून निघून गेली होती. चौथ्या दिवशी परत आली आणि आपल्या सुनेच्या शेजारी बसून तिला म्हणाली, "सरक गं, मला दिसत नाही."

आणखी एक खोड. मराठी माणूस भेटला की नाना "केम छो" म्हणायचे आणि गुजराती माणूस भेटला की "नमस्कार, बरं आहे ना?" मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "ज्याच्या त्याच्या भाषेत विचारलं की लोक खरंच सांगत बसतात."

नानांचे आजोबा शिलेदार होते. घरात त्यांची तलवार होती आणि नानांच्या बोलण्यात त्यांची घोडी. नाना स्वतः मात्र टांगा येताना दिसला की जवळच्या कुणाच्याही ओट्यावर चढायचे आणि तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तिथेच उभे राहायचे. काळी टोपी, गळाबंद लांब कोट, बगलेत छत्री, असे नाना परक्या घराच्या ओट्यावर उभे दिसले की समजायचं, टांगा येतोय.

आता त्यांनी वाचायला काय दिलं ते. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या मुलांसाठी विलायतेहून चित्रांची साप्ताहिकं यायची. गुलाबी, पातळ, स्वस्त कागद. पानभर चौकटी, चौकटीत माणसं आणि त्यांच्या तोंडातून निघालेले फुगे, फुग्यांत इंग्रजी बोलणं. मुलांचं बघून झालं की बंगल्यावरचा खानसामा ती पस्तीत, म्हणजे रद्दीत, विकायचा. मांडवीजवळच्या पस्तीवाल्याला नानांनी सांगून ठेवलं होतं, की असल्या कागदांत शेंगदाणे बांधायचे नाहीत. तो गठ्ठा जपून ठेवायचा आणि नाना पोथी आणावी तसा उपरण्यात गुंडाळून आणायचे. अंक वर्षा-दोन वर्षांचे शिळे असत. त्यातले मधले कितीतरी गायब.

दर गुरुवारी नाना खळ शिजवायचे. मैदा, पाणी आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मग पांढऱ्या कागदाच्या फुग्याच्या आकाराच्या चिठ्ठ्या कापायच्या, त्यावर बोरूने मराठी मजकूर लिहायचा आणि एकेका इंग्रजी फुग्यावर चिकटवायचा. मजकूर बाळबोध आणि मोठ्या अक्षरांत, म्हणजे आमच्या गुजराती शेजारणींनाही वाचता यावा. नानांची वाक्यं इंग्रजीपेक्षा नेहमी छोटी व्हायची, उरलेल्या जागेत ते एखादं फूल काढायचे. हरवलेल्या अंकातला भाग ते स्वतःच निळ्या पेन्सिलीने काढून मधे घालायचे. त्यांचे घोडे शेळ्यांसारखे दिसायचे, पण तक्रार कुणी केली नाही. शनिवारी पानं सुतळीवर लाकडी चिमट्यांनी टांगली जायची आणि एक वाजायच्या आत माठापाशी रांग लागायची.

त्या सगळ्या चित्रांत आमचा जीव जडला तो एका बाईवर. पन्नाशीची, लांब नाकाची, पायांत बूट घातलेली. ती आपल्या भाच्याला घेऊन बलूनमध्ये बसायची आणि देशोदेशी जायची. हातात कायम एक मोठा डाव, आमटी ढवळायचा असतो तसा. मूळ इंग्रजीत तिचं काय नाव होतं देव जाणे. नानांनी तिला बलूनवाली मावशी केलं. नानांची मावशी बर्फाच्या देशात जाऊन पापड वाळत घालायची आणि वाळत नाहीत म्हणून सूर्याला डावाने दटावायची. वाळवंटात उंटावर बसून म्हणायची, "याचा टांगा करून घ्या हो, पाठ मोडली." ती कुठेही जाताना कुणाला विचारायची नाही. सासरी कोण, माहेरी कोण, काही पत्ता नाही. दोर सोडायचा आणि वर जायचं.

हे आज वाचणाऱ्याला कदाचित फार वाटणार नाही. पण आमच्यापैकी बहुतेकींना कमाटीबागेत जायचं तरी घरात दोघांना विचारावं लागे. मी स्वतः रोज वाचनालयात यायची ती "जाऊन येते हं" असं तीन खोल्यांत तीनदा सांगून. मावशीचा दोर सुटला की मीही नकळत टाचा उचलायची. जशीबेन नावाची एक गुजराती पटलाण यायची, घरात अकरा माणसं आणि चूल एकटीची. ती पानासमोर उभी राहून मोठ्याने म्हणायची, "जा, बेन, जा. पाछळ जोवानुं नाही." आणि मागे वळून आम्हालाच सांगायची, "मागे बघितलं ना, की शाक करपलेलं दिसते."

असं दोन वर्षं सुखाने चाललं. मग इंदू आली.

इंदू आमच्या गल्लीतली नवी सून. मॅट्रिक झालेली, चष्मा लावणारी आणि इंग्रजी वाचणारी. तिच्या सासूने मोठ्या अभिमानाने तिला आणलं आणि नानांना हात दाखवायला लावले. पोर गोड होती. पहिले दोन-तीन शनिवार तीही आमच्यासारखीच हसली. त्यानंतर आला तो शनिवार वैशाखातला. मावशीचं बलून हिंदुस्थानात उतरलं होतं.

चित्रात एक लठ्ठ राजा होता. अंगावर मोत्यांच्या माळा, डोक्यावर केवढा तरी फेटा, हत्तीवर बसलेला. समोर मावशी डाव उगारून उभी. नानांनी राजाचा व्याही केला होता. जावयाला दिलेली अंगठी सैल निघाली म्हणून मावशी त्याला फैलावर घेत होती. "अंगठी सैल की जावई बारीक?" असं व्याही विचारत होता. खोलीत हसून हसून मुरकुंडी वळली होती. प्रत्येकीला आपापलं लग्न आठवत होतं.

उन्हाने खळ कडक झाली होती आणि चिठ्ठ्यांचे कोपरे उचलले गेले होते. इंदूने सहज डोक्यातला आकडा काढला आणि एका कोपऱ्याखाली घातला. मला वाटलं, ती चिठ्ठी नीट बसवतेय. तिने ती अलगद सोडवली आणि खालचं वाचलं. मग दुसरी सोडवली.

"नाना," ती म्हणाली, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"येतं," नाना म्हणाले.

"मग हे तुम्ही वाचलं होतं?"

"वाचल्याशिवाय झाकेन कसं?"

खोलीतलं हसू एकेक करून थांबलं. जशीबेनने विचारलं, "शुं लख्युं छे, इंदू? सांग ने."

इंदूने सांगितलं. मावशी म्हणत होती, की या काळ्या लोकांना दुसरी भाषा कळत नाही, डावाचीच कळते. भाचा विचारत होता, की यांना शेपट्या असतात का.

"आणि राजा? तो शुं बोलते?"

"राजाच्या तोंडी भाषाच नाही," इंदू म्हणाली. "नुसती अक्षरं आहेत. ऊगा, बूगा, असलं काहीतरी. अर्थ काहीच नाही."

आमचे महाराज मराठी, गुजराती, इंग्रजी अस्खलित बोलायचे, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. इंदूचे डोळे भरून आले होते. "नाना, आम्ही हिच्यासाठी उन्हातून पळत येतो. ही आमच्या तोंडावर थुंकतेय आणि आम्ही टाळ्या वाजवतोय. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही वर फुलं काढलीत."

नाना उठले, चिमटे काढले, सगळी पानं उतरवली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या टेबलावर ठेवून ते ओट्यावर जाऊन बसले. जिथे कधी बसत नसत, तिथे, वर्तमानपत्रांपाशी.

खरं सांगते, मला इंदूचा भयंकर राग आला. आमचं चांगलं चाललेलं हिने एका आकड्याने उसवलं. शिकलेल्या मुलींना सुख बघवत नाही, असं मी घरी यजमानांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "पण ती खोटं बोलली का?" त्यावर मी भांडी जरा जोरात घासली.

पुढचा शनिवार कोरा गेला. त्याच्या पुढचाही. सुतळीवर काही नाही. बायका आल्या, सुतळीकडे बघून थोडा वेळ बसल्या आणि घरचं काही ना काही काम आठवून उठून गेल्या. मग येईनाशा झाल्या. नाना हाताचे वास घ्यायला उठायचे आणि दारात कुणी नसायचं.

कमिटीचे सेक्रेटरी वकील होते. बायकांची वेळ त्यांना पहिल्यापासून खुपायची, कारण नेमक्या त्याच वेळी त्यांच्या मंडळाला बैठकीसाठी खोली हवी असायची. रिकामी खोली बघून त्यांनी नानांना सांगितलं, "पुढच्या शनिवारी मी स्वतः येतो. बायका नसतील तर ही वेळ बंद. आणि तुमची ती चित्रं पस्तीतून आली, पस्तीत जाऊ द्या."

नाना "बरं" म्हणाले. ते दोन तास गेले की मी पुन्हा तीन खोल्यांत. मी ठरवलं, आज यांना बोलतं करायचंच. ते सुतळीचा गुंडा करत बसले होते. मी समोर बसले आणि विचारलं, "नाना, झाकलंत का? सांगायचं होतं ना आम्हाला."

त्यांनी गुंड्याला आणखी एक वेढा घातला. मग म्हणाले, "इथे यायच्या आधी मी एकवीस वर्षं कॅम्पात कारकून होतो. ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं.

"साहेब वाईट नव्हता. दिवाळीला माझ्या पोरांसाठी बिस्किटं द्यायचा. पण मला बोलवायचं झालं की टेबलावर रूळ आपटायचा. दोनदा आपटला की मी, तीनदा आपटला की पट्टेवाला. या चित्रांत जे लिहिलेलं असतं ना, ते सगळं तो हसत हसत, कुणाचं मन दुखवायचं नाही अशा बेताने बोलायचा. संध्याकाळी घरी येताना मी विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबायचो आणि मनात त्याला उत्तर द्यायचो. रोज नवं. घरी पोचेपर्यंत ते विसरून जायचं, नाहीतर जेवण जात नसे."

"आणि ही चित्रं?"

"त्याच्या मुलाची. टोपलीत टाकलेली असायची, मी उचलायचो. चित्रं फार सुंदर असतात हो, बाई. समुद्र काय, जंगलं काय! पण बोलणं वाचलं की तेच, पुन्हा रूळ. मग मी बोलण्यावर अंगठा ठेवून चित्रं बघायचो. अंगठ्याखाली स्वतःचं काहीतरी बोलायचो. ती जी सवय लागली..." त्यांनी गुंडा खाली ठेवला. "तुम्ही बायका घरातून सुटून इथे दोन तास येता. तुमच्या हातात मी साहेब देऊ?"

इंदूवरचा माझा राग गेला नव्हता आणि आता नानांवर करावा तर तोही होईना. त्या संध्याकाळी मी इंदूकडे गेले आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मला वाटलं, त्यांना काही वाटतच नाही." मग पुन्हा लाटणं हातात घेत म्हणाली, "पण बाई, अंगठ्याखाली ते असतंच ना?"

हा प्रश्न सोडवला जशीबेनने. मी तिला बोलवायला गेले तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मला तर दोन्ही पाहिजे. ती काय बोलते ते पण, ने आपण काय बोलायचं ते पण. मोटी मड्डम होय तो शुं थयुं? माझ्या गल्लीत येऊन बोलली, तर मी जवाब नाही देणार?"

गुरुवारी इंदू खळीच्या वेळी आली. नानांनी तिचे हात बघितले. कांद्याचा वास येत होता, पण ते काही बोलले नाहीत. मी कुलूप काढून तेच राजाचं पान मधे ठेवलं आणि मांडी घालून दोघं समोरासमोर बसली. इंदू इंग्रजी वाचायची, त्याचं मराठी एका चिठ्ठीवर लिहायची आणि खाली पूर्ण चिकटवायची. नाना आपली चिठ्ठी तिच्यावर ठेवायचे, पण खळ फक्त वरच्या कडेला लावायची, म्हणजे दाराच्या पडद्यासारखी ती उचलता येईल. ज्याला हसायचं त्याने वरचं वाचावं, ज्याला खरं बघायचं त्याने उचलावं. दोघं भांडलीही. इंदूचं म्हणणं, फुलं काढू नका. नानांचं म्हणणं, फूल राहणार. शेवटी फूल वरच्या चिठ्ठीवर राहिलं आणि खालची बिनफुलाची झाली.

राजाचा फुगा मात्र त्यांनी कोराच ठेवला. त्या "ऊगा बूगा"चं मराठी करायचं कसं? इंदू म्हणाली, "तो शनिवारी सगळ्यांनी मिळून भरू."

मी आणि जशीबेन दोन दिवस गल्लोगल्ली हिंडलो. मी इतकी घरं एरवी हळदीकुंकवालाही फिरले नसते. "राजाला बोलता येत नाहीये, तुम्ही या," एवढंच सांगायचो. शनिवारी एक वाजता माठ रिकामा झाला, पंचा पिळायची वेळ आली आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. चिठ्ठ्या वर-खाली होत होत्या. मी बघत होते, आधी सगळ्याजणी वरचं वाचून हसल्या, मग उचलून खालचं वाचलं. काहींचे चेहरे उतरले. एकीने चिठ्ठी खाली सोडली आणि परत उचलली नाही, तिला तेवढंच पुरे होतं. एक म्हातारी म्हणाली, "मेली दिसायला चांगली आहे हो, पण जीभ बघा." पण उठून कुणीच गेलं नाही.

मग राजाचं बोलणं ठरवायला सुरुवात झाली. कुणी म्हणे, राजाने तिला तुरुंगात टाकावं. कुणी म्हणे, हत्तीला सांगावं. एकीने ओव्यांत शिव्या सुचवल्या, त्या नानांनी लिहायचं नाकारलं. जशीबेन म्हणाली, "राजा शुं काम घाबरेल? तो बोलेल, मावशी, डाव खाली ठेवा, कढी उतू चालली." यावर इतका हशा पिकला की मत घ्यायची गरज उरली नाही. नानांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि राजाच्या तोंडापाशी डकवलं. राजा एकदम शहाणा दिसायला लागला. वरचं, खालचं आणि राजाचं उत्तर मिळून ती आतापर्यंत आम्ही वाचलेली सगळ्यात चांगली मावशी होती आणि ती आमची होती.

एवढ्यात दारात सेक्रेटरी उभे राहिले. आत शिरायला जागा नव्हती. शिवाय पहिल्या ओळीत त्यांच्या मातोश्री बसलेल्या होत्या, त्यांनी मुलाकडे वळून बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "हे काय चाललंय?" सेक्रेटरींनी दबक्या आवाजात नानांना विचारलं. "वाचन," नाना म्हणाले, आणि सवयीने नाक पुढे केलं. सेक्रेटरी हात न दाखवताच ओट्यावर गेले. बायकांची वेळ बंद करायचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

गर्दी पांगायला लागली तेव्हा इंदू पानाच्या अगदी जवळ जाऊन बघत होती. "नाना, हा कोण?" तिने विचारलं. राजाच्या हत्तीमागे, चौकटीच्या अगदी कडेला एक माणूस होता. हडकुळा, डोक्यावर पगडी, बगलेत कागदांचं बाड, पाय अनवाणी. त्याच्या तोंडापाशी फुगाच नव्हता. चित्रकाराने त्याला बोलायला काही दिलंच नव्हतं.

नानांनी चष्मा वर करून त्याला निरखलं. दोन वर्षं ते इंग्रजी फुग्यांवर चिठ्ठ्या चिकटवत आले होते, जिथे फुगा नाही तिथे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी कागद घेतला, छोटासा फुगा कापला आणि बराच वेळ बोरू हातात धरून बसले. मग एका दमात लिहून तो त्या माणसाच्या तोंडाशी डकवला. आम्ही वाकून वाचलं.

"साहेब, पाच वाजले. मी घरी निघालो."

यावेळी फूल काढलेलं नव्हतं. जशीबेन हसली नाही. ती हळूच म्हणाली, "हां, जा भाई."

पण इंदूची नजर पुढच्या चौकटीवर गेली. तिथे तोच माणूस पुन्हा होता, तेच बाड घेऊन, तसाच हत्तीमागे. "नाना, हा तर गेलाच नाही," ती म्हणाली. "अजून उभाच आहे."

नानांनी चिमटा काढून पान खाली घेतलं, मांडीवर ठेवलं आणि कात्रीच्या टोकाने त्या माणसाला कडेकडेने कापून काढलं. पगडी, बाड, अनवाणी पाय, सगळं नीट. मागच्या बाजूला साबणाची जाहिरात होती, तिलाही भोक पडलं. पान त्यांनी पुन्हा सुतळीला लावलं. चौकटीत राजा होता, मावशी होती, हत्ती होता आणि हत्तीमागे माणसाच्या आकाराची मोकळी जागा होती. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

तो कापलेला माणूस नानांनी कोटाच्या वरच्या खिशात ठेवला, टोपी घातली आणि छत्री उचलली. "बाई, आज कुलूप तुम्ही लावा," ते म्हणाले. "मी याला घरी सोडतो."

तीन वाजायला अजून वीस मिनिटं होती.